मास्तरांच्या मेंदूचे पहिले पान

शुक्रवारी दुपारी मास्तरांनी स्वतःच्या मेंदूचे चित्र जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि ते आंघोळीला गेले. चूक एवढीच. पुढचे सगळे आपोआप झाले.

मास्तर विद्यापीठात मेंदूच्या चित्रणामागचे गणित शिकवत. मेंदूतले पाणी धाग्यांच्या बाजूने सरकते, म्हणून पाण्याच्या हालचालीवरून धाग्यांची दिशा ओळखता येते, इथपर्यंत विद्यार्थ्यांना समजे. पण चित्राच्या एकाच ठिपक्यात दोन धागे एकमेकांना छेदून जात असतील तर काय करायचे, यावरचा मास्तरांचा सराव दोन वर्षांत एकालाही सुटला नव्हता. विभागप्रमुखांनी अगदी गोड आवाजात सांगितले होते, "सोमवारी नवा सराव आणा. कुणी न समजावता निदान एका माणसाला तरी तो सुटलेला असू दे. नाहीतर हा भाग आपण काढूनच टाकू."

मास्तर इतके भिडस्त, की 'जरा सोडवून बघता का' हे विचारायला लोकांच्या दारापर्यंत जात आणि "सहज आलो होतो" म्हणून परत फिरत. नमुन्यालाही त्यांनी स्वतःचाच मेंदू वापरला होता. दुसऱ्याकडे मागायचा कसा? सरावाच्या पहिल्या पानावर, म्हणजे टेबलावरच्या त्याच चित्रात, त्यांनी मुद्दाम कच्चे मॉडेल लावले होते, एका ठिपक्यात एकच दिशा धरणारे. त्यामुळे मधून दोन्ही बाजूंना निघालेले धागे वाटेतच तुटलेले दिसत. खाली लिहिले होते, 'नमुना: लेखकाचा मेंदू. प्रश्न १: हे धागे मध्येच का संपले असावेत?' उलगडा आणि पुढचे तीन प्रश्न दुसऱ्या पानावर होते, आणि ते पान प्रिंटरमधून घसरून रद्दीत पडले होते.

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, पहिले पान वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. गेल्या महिन्यात मास्तरांना न्हाव्याकडे पाठवले, तर ते ग्रंथालयात जाऊन चार तासांनी होते तेवढेच केस घेऊन परत आले होते. त्याचे कारण आज समजत होते.

मास्तर आंघोळ करून आले.

"दमलात का हो?" बाईंनी विचारले.

"आंघोळ करून?"

"बसा. मी पुसते डोकं. हळूच पुसते."

शनिवारी सकाळी चहा घेताना मास्तर नेहमीप्रमाणे संशोधनाबद्दल बोलू लागले. बाई मध्येच उठल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "मग?"

तीस वर्षांच्या संसारात हा 'मग' पहिलाच. मास्तर विचारात पडले. माणूस एकाएकी इतका मायेने का वागतो? हिला काहीतरी मोठा आजार झाला असणार आणि ही तो लपवते आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते उठले आणि सगळी भांडी घासून मोकळे झाले.

बाईंनी धाकट्या भावाला फोन लावला. त्याचे विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान होते.

"अरे, यांनी भांडी घासली. न सांगता!"

"बापरे! किती?"

"सगळी. कढईसुद्धा."

"ताई, तू घाबरू नकोस. मी येतोच."

तो खिशात टेस्टर घेऊनच आला. पान उजेडात धरून कुजबुजला, पण त्याची कुजबुज शेजाऱ्यांना ऐकू जाई. "वायर कट आहे, ताई. दोन्ही साइडला." मग मास्तरांकडे वळून म्हणाला, "दाजी, डोक्यात कधी लुकलुकल्यासारखं होतं?"

"माझं सोड. तुझ्या ताईचं खरं काय ते सांग."

"ताई? ठणठणीत आहे!"

हाही लपवतो आहे, मास्तरांना वाटले. त्यांनी झाडू हातात घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी पंखे पुसले. मेहुणा स्टूल धरून उभा होता. तुटक्या वायरिंगच्या माणसाला एकट्याने उंचावर कसे चढू द्यायचे? बाई शेंगा सोलताना चक्क गुणगुणत होत्या. एवढे दुखणे असून गाणे! मास्तरांना राहवेना. ते स्टुलावरूनच म्हणाले, "अगं, डॉक्टर काय म्हणाले ते एकदा सांगून टाक."

"कुणाचे डॉक्टर?"

"तुझे!"

"मला काय धाड भरलीये?"

आता मेहुण्याचा बांध फुटला. "दाजी, आजारी तुम्ही आहात! हे बघा, वायर तुटलीये तुमची!"

मास्तरांनी पान पाहिले आणि ते स्टुलावरच बसले. मग हसत सुटले. "अरे, हे तसं नाही. पाण्याच्या रेणूंचं विसरण जर आपण एकाच अक्षाने..."

मेहुण्याचे डोळे वर्गातल्या विद्यार्थ्यांसारखे कोरे झाले.

"तू माझं ऐक," बाई शेंगांमधून मान वर न करता भावाला म्हणाल्या. "काही तुटलेलं नाही. तिथे चौक आहे. दोन रस्ते एकमेकांना छेदतात. आणि यांनी तिथे उभा केलाय एका हाताचा पोलीस. दोन्हीकडची गर्दी बघून तो बिचारा मधेच कुठेतरी तिरका हात दाखवतो. तिकडे रस्ताच नाही, मग धागा थांबणार नाहीतर काय? त्याला दुसरा हात द्या, दोन्ही रस्ते सरळ पार होतात."

मास्तर खाली उतरले. "हे तुला कुणी सांगितलं?"

बाईंनी जीभ चावली. मग सावकाश उठून पिठाच्या डब्यामागून दुसरे पान काढले. "काल संध्याकाळी रद्दीत सापडलं."

"काल संध्याकाळी?" मेहुणा ओरडला. "मग आज सकाळी मी तासभर स्टूल का धरलं?"

"पंखे राहिले होते ना."

आता भडका उडणार म्हणून मेहुणा दोन पावले मागे सरला. पण मास्तरांचा चेहरा पुसलेल्या पंख्यासारखा लखलखला होता.

"तुला कुणी समजावलं नाही ना?"

"कोण समजावणार? तुम्ही तेव्हाही भांडी घासत होतात."

"म्हणजे सुटला! एका माणसाला सुटला!" ओले फडके हातात धरून मास्तरांनी स्टुलाभोवती गिरकीच घेतली. "आणि तिसरा प्रश्न?"

"मागे लिहिलंय उत्तर."

मास्तरांनी पान उलटले. उत्तर बरोबर होते. त्यांच्या स्वतःच्या उत्तरापेक्षा चार ओळींनी लहान होते. पण त्याखालची जागा कोरी होती. मास्तरांचा आवाज पुन्हा बारीक झाला.

"चौथा का नाही सोडवलास? फार अवघड झालाय का?"

"अवघड कसला! पण त्याला निवांतपणा लागेल. संध्याकाळपर्यंत तरी." एवढे बोलून बाईंनी स्वयंपाकघराच्या मोरीकडे नुसते पाहिले.

मास्तरांनी बाह्या सरसावल्या.

"कढई आधी घेऊ का?"