ताळा केलासा काय?

लग्नाच्या पंगतीत जिलबी आवडली तर आपण दोन जास्त खातो. कांबळे सर उठून आचाऱ्याला गाठायचे. मैदा किती, दही किती, पीठ किती वेळ ठेवलं, सगळं खिशातल्या वहीत टिपून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी घरी जिलबी करून बघायचे. मग आचाऱ्याला पोस्टकार्ड जायचं : 'आपण सांगितल्याप्रमाणे केले. तशी झाली नाही. काय सांगायचे राहिले ते कळवावे.' एका आचाऱ्याने म्हणे आमच्या विभागातल्या लोकांच्या घरची कामं घेणंच सोडून दिलं.

सर आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. गाव गडहिंग्लजकडचं. मी त्याच विभागात, त्यांच्यापेक्षा बराच लहान, शिवाजी पेठेत वाढलेला. पेठेत वाढल्यामुळे माझा आवाज मोठा आणि धीर कमी. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. सरांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तास उभ्याने, चहा उभ्याने, मीटिंगला खिडकीपाशी, तीही या खिडकीतून त्या खिडकीत. "बसा की सर," म्हटलं तर म्हणायचे, "बसून काय नवीन दिसतंय व्हय?"

विभागात कुणी आपलं संशोधन मांडलं, टाळ्या पडल्या, बिस्किटांच्या बशा पुढे सरकल्या, की खिडकीकडून आवाज यायचा : "ताळा केलासा काय?"

शाळेत भागाकार केल्यावर खाली उलटा गुणाकार करून उत्तर पडताळायचो, तो ताळा. सरांचं म्हणणं, संशोधनाला वेगळा नियम कशाला? तुमची कच्ची वही उघडी ठेवा, डागांसकट, खाडाखोडीसकट. दुसऱ्याला ती बघून तोच प्रयोग पहिल्यापासून करू दे. त्याचंही उत्तर तेच आलं तर बरोबर. एवढंच. पण आमच्यातल्या ज्येष्ठांना हे ऐकूनच घाम फुटायचा. पंचवीस वर्षं नावाजलेल्या माणसाला वही दाखव म्हणणं म्हणजे काय, हे सरांना कळत नव्हतं, किंवा फार चांगलं कळत होतं.

एकदा त्यांनी मीटिंगमध्ये ठरावच मांडला : छापलेल्या प्रत्येक पेपरची कच्ची वही ग्रंथालयात ठेवावी, कुणालाही बघता यावी. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "कांबळे, कच्ची वही म्हणजे घरातली मोरी. पाहुण्याला आपण दिवाणखाना दाखवतो."

"साहेब, घर भाड्यानं घेणारा पयली मोरीच बघतोय की."

ठराव तत्त्वतः मान्य झाला. सरकारी मराठीत याचा अर्थ काय होतो हे वाचकांना सांगायला नको.

मग सरांनी आपल्या प्रयोगशाळेबाहेर व्हरांड्यात एक टेबल टाकलं. त्यावर स्वतःच्या सगळ्या कच्च्या वह्या, सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेल्या. वर पाटी : 'बघा. करून बघा. चुकलं तर सांगा.' टेबलाचा उपयोग झाला. आम्ही त्यावर हेल्मेट ठेवू लागलो. पावसाळ्यात छत्र्या. चहावाला रिकाम्या कपांचा ट्रे ठेवायचा. सर दिवसातून चार वेळा येऊन ते सगळं उचलून खिडकीत ठेवायचे आणि वह्या पुन्हा सरळ लावायचे.

"सर, हे ताळ्याचं खूळ तुम्हाला लागलं कुठून?" मी एकदा विचारलं.

"शाळंत," ते हसत म्हणाले. "गुरुजी माझी पाटी हातात घ्यायचं न्हाईत. लांबनंच म्हणायचं, बरोबर असंल, बस खाली. आता बरोबर हाय का न्हाय, मला कळायचं कसं? मग मीच ताळा करायचो आणि मीच खूण मारून घ्यायचो. पर मनातल्या मनात."

ते हसले म्हणून मीही हसलो. माझं ते हसणं मला अजून टोचतं.

आता माझी भानगड सांगतो. उसाच्या उकळत्या रसात रानभेंडीचा चीक घातला की मळी वर येते आणि गूळ उजळतो, हे गुऱ्हाळवाल्यांना ठाऊक असतं. कोणत्या प्रमाणात सगळ्यात चांगला उजळतो, हे मी शोधून काढलं होतं. आठ गुऱ्हाळांचे नमुने घेतले. सात झकास उजळले. एक, सातव्या नंबरचा, काळाठिक्कर पडला. माझी प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती. मी सातवा गाळला आणि पेपर छापला. फक्त तक्त्यातले नंबर बदलायचे राहिले.

मी पेपर मांडला, टाळ्या झाल्या, बिस्किटं आली. खिडकीतून सर म्हणाले, "पाटील, तुमच्यात सहाच्या पुढं आठ म्हंत्यात काय?"

सगळे हसले. "बाटली फुटली, सर," मी म्हणालो.

मुलाखतीच्या समितीला सरांनी एक शब्द सांगितला असता तर माझं काम उरकलं असतं. त्यांनी सांगितला नाही. मी प्राध्यापक झालो. पण व्हरांड्यात गाठ पडली की जाता जाता विचारायचे, "सातवं काय म्हंतंय?" जावयाची खुशाली विचारावी तसं. मी कच्ची वही घरी माळ्यावर टाकली. घरात कुणी माळ्यावर चढलं तरी मला खालून, काय पाहिजे, असं ओरडावंसं वाटायचं. सर निवृत्त होऊन कळंब्याला राहायला गेले, तेव्हा सगळ्यात मोठा हार मीच घातला.

त्यानंतर काही वर्षांनी मी विभागप्रमुख झालो. कॉम्प्युटरच्या खोलीसाठी व्हरांडा मोकळा करायचा होता. भंगाराच्या यादीवर माझी सही हवी होती : टेबल एक, पाटी एक, जुन्या वह्या एकोणीस. सही करण्याआधी बघावं म्हणून गेलो. हेल्मेट उचललं, एक वही उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चाळिसाव्या पानावर एक चिठ्ठी होती. 'इथवर आलेल्यास माझ्याकडून चहा. — कांबळे.' मी दुसरी वही उघडली. तिथेही चाळिसावं पान, तीच चिठ्ठी. एकोणीस वह्या, एकोणीस चिठ्ठ्या, एकही जागची हललेली नाही. मी तिथेच टेबलाला टेकून उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटली.

यादी तशीच ठेवून मी पहिली वही घरी नेली आणि आठवडाभर तिच्यातली प्रत्येक बेरीज करून पाहिली. मग माळ्यावरून माझी वही काढली आणि एका सकाळी दोन्ही घेऊन कळंब्याला गेलो. सर अंगणात येरझाऱ्या घालत होते. थकले होते, पण पाय तसेच.

मी आधी माझी वही दिली. सातव्या नमुन्याचं पान उघडून. "बाटली फुटली नव्हती, सर."

त्यांनी उभ्याउभ्याच पान वाचलं. "पाणी कुठलं हुतं ह्या गुऱ्हाळाचं?"

"विहिरीचं. बाकीच्यांचं नदीचं."

"आरं, मग हेच छापायचं हुतं की, पाटील." एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी ती चिठ्ठी पुढे केली. "चहा घ्यायला आलोय."

सरांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "वही वाचलासा? का चिठ्ठी नुस्तीच काढलासा?"

"वाचली. पान सत्तेचाळीसवर चूक आहे. चौऱ्याहत्तर आणि अठ्ठावीस, ब्याण्णव लिहिलेत तुम्ही. हातचा राहिलाय. पुढची सरासरीही चुकली."

मला वाटलं ओशाळतील. ते लगबगीने आत गेले, चष्मा आणि लाल पेन्सिल घेऊन आले. पानावर बोट ठेवून दोनदा बेरीज केली.

"खरं हाय. चुकलंय." ते म्हणाले. "आपला आपण केलेला ताळा काय खरा न्हवं बघा." आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "मारा फुली."

"सर, मी कशाला..."

"मारा की. वही हातात घिऊन मारा."

मी वही हातात घेतली आणि त्या बेरजेवर फुली मारली. सरांनी वही परत घेतली, डोळ्यांजवळ धरली. चहाचं त्यांना भानच राहिलं नाही. बघत बघत मागे सरकले, अंगणातली खुर्ची हाताने चाचपली आणि वही मांडीवर घेऊन खाली बसले.