चौकशीच्या खिडकीतल्या तायडेबाई

तायडेबाईंना ‘चहा झाला का?’ असं विचारलं, तर ‘झाला’ एवढंच उत्तर आजवर कोणाला मिळालेलं नाही. ‘झाला. बिनसाखरेचा हाये. साखर वरच्या डब्यात. खालच्या डब्यात मीठ हाये, थे घेऊ नका.’ हे ऐकेपर्यंत चहा निवतो.

बाईंची सगळी नोकरी अमरावतीच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत गेली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत फोन घ्यायला आल्या. ‘इचारनाऱ्याले काय इचाराव हेच मायीत नसते,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. फोनवर कोणी एक प्रश्न विचारला की त्या तीन उत्तरं देत. त्या माणसाला पुन्हा फोन करावा लागत नसे.

तेव्हा आम्ही नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यासाठी एआय एजंट बसवत होतो. कारखान्याच्या माणसानं आपल्या भाषेत काम सांगायचं, एजंटनं ते समजून घेऊन आमच्या सॉफ्टवेअरमधलं नेमकं टूल वापरायचं. अशी टूलं सतरा; एक ऑर्डर थांबवण्याचं, एक रद्द करण्याचं, असं. कुठलं काय करतं, ते एजंटसाठी मी लिहून ठेवलं होतं, एकेका ओळीत. चाचणीच्या पहिल्याच दिवशी कारखान्याचे मॅनेजर गावंडे यांनी लिहिलं, ‘निळ्या कापडाची ऑर्डर सध्या राहू द्या.’ एजंटनं ती कायमची रद्द करून टाकली. गावंडे म्हणाले, शनिवारी पुन्हा पाहतो. नाही जमलं तर आमचं रजिस्टर बरं.

आम्ही दोन दिवस एजंटला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, त्याला वाचायला काय दिलंय ते तर दाखवा. मी दाखवलं: ‘ऑर्डर रद्द करते.’

बाईंनी चष्मा काढला. ‘येवढ्या सांगन्यावर नवा मानूस खिडकीत बसवला असता, तर त्यानं दर्यापूरचं पब्लिक परतवाड्याच्या गाडीत बसवलं असतं. त्या बिचाऱ्याले काहून बोलून राहिले तुमी?’

मग माझी उलटतपासणी सुरू झाली. रद्द केलेली ऑर्डर परत येते का? तारखेत दिवस आधी की महिना? कापड मीटरमध्ये सांगायचं की थानात, म्हणजे ताग्यांत? निम्म्या प्रश्नांची उत्तरं, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मलाच शोधावी लागली. ‘चूक क्रमांक बारा’ हा आमचा संदेश वाचून तर त्या चिडल्याच. चूक झाली म्हणता, मग पुढं काय करायचं ते कोण सांगणार? त्या वहीत लिहीत, मी टाइप करी. रद्द करण्याच्या टूलखाली आता होतं: ‘ही ऑर्डर परत येत नाही. कोणी राहू द्या, थांबा, पाहू म्हटलं तर हे वापरू नये; थांबवण्याचं टूल वापरावं.’

शनिवारी गावंडे स्वतः आले आणि मुद्दाम अस्सल वऱ्हाडीत लिहिलं, ‘थे निळं कापड राहू दे आता, पाहू मंग.’

आम्ही सगळे पडद्याकडे वाकलो. पडद्यावर उत्तर आलं: ‘ऑर्डर थांबवली आहे, रद्द केलेली नाही. पुन्हा कधी सुरू करायची?’

मग गावंडे इरेला पेटले. तारीख उलटी लिहिली, मीटरच्या जागी थान लिहिलं, एकाच नावाचे दोन ग्राहक पुढं केले. एजंट एकदाही फसला नाही. अडला तिथं त्यानं विचारलं. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि हे लिहिलं कोणी, असं विचारलं. आम्ही सगळ्यांनी फोनच्या टेबलाकडे बोट दाखवलं. ते उठून बाईंपाशी गेले. म्हणाले, ‘बाई, आमच्या मानसायलेबी असंच लिहून द्या.’

काम आम्हाला मिळालं. सोमवारी बाईंच्या टेबलावर कॉम्प्युटर आला आणि फोन माझ्या टेबलावर.

पुढच्या आठवड्यात मी सगळा मजकूर आवरायला घेतला. सतराही टूलांखाली एकच शेवटची ओळ होती: ‘समजलं नाही तर विचार. कोणी रागावणार नाही.’ सतरा वेळा कशाला, एकदा पुरे, असं मी म्हणालो.

बाईंनी कीबोर्ड बाजूला सारला.

‘आमच्या घरातली पह्यली नोकरी माही,’ त्या म्हणाल्या. ‘खिडकीत बसून आठ दिवस झाले होते. एका म्हातारीनं तिच्या गावची गाडी इचारली. मले मायीत नव्हती. बाजूच्या साहेबाले इचारलं असतं, पन भेली मी. म्हनतील, हिले काईच येत नाही, उगीच घेतली. सांगून देलं, गाडी नाही. म्हातारी गेली निंगून.’ त्यांनी चष्मा पदरानं पुसला. ‘गाडी मांगच उभी होती.’

मी ओळ खोडली नाही. सतराही ठिकाणी ती तशीच आहे.