मियापूरची आजी आणि दुसरी आजी

हैदराबादेत कुठं राहावं हे कुणाला गूगलला विचारायचं असेल, तर त्यानं खुशाल विचारावं. पण ज्याला सुखानं राहायचंय, त्यानं मला विचारावं! लग्न होऊन गौलीगुड्यात आले ती आजतागायत इथंच आहे. बिनपाण्याचं दूध कुठं मिळतं, कोथिंबीर फुकट कोण देतो, सुलतान बाजारात कोणता दुकानदार पहिल्यांदाच खरा भाव सांगतो (एकही नाही!), सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे आमचा प्रशांत पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, माझी हैदराबादला बदली झाली! पिऊसाठी चांगली प्लेस्कूल आणि आम्हांला राहायला चांगला एरिया बघून ठेव," तेव्हा फोन खाली ठेवायच्या आत माझं सगळं ठरूनही गेलं होतं. घर आमच्या मागच्या गल्लीत, बालवाडी पुढच्या गल्लीत आणि नात मधोमध, म्हणजे माझ्या मांडीवर!

पिऊ म्हणजे प्रियदर्शिनी, आमची एकुलती एक नात. तीन वर्षं झाली तिला, पण मी तिला बघितलंय ते बहुतेक मोबाइलच्या काचेत. कधी अर्धा गाल, कधी नुसतं कपाळ. आता ती अख्खीच्या अख्खी येणार होती!

पण फोन ठेवता ठेवता प्रशांत म्हणाला, "त्रिवेणीच्या आईंना पण बघायला सांगितलंय हं."

झालं! त्रिवेणी म्हणजे आमची सून आणि तिच्या आई म्हणजे सुशीलाबाई, माझ्या विहीणबाई. त्या राहतात मियापूरला. इकडे एमजीबीएसला मेट्रोत बसावं, छान डुलकी काढावी, सगळे उतरायला लागले की समजावं मियापूर आलं. प्रशांतचं नवं ऑफिसही नेमकं त्याच बाजूला!

सुशीलाबाई वाईट नाहीत. तोच तर त्रास आहे! त्यांची पुरणपोळी फुटत नाही, त्यांची साडी चुरगळत नाही, त्यांचा आवाज कधी चढत नाही. माणसानं बोट ठेवावं तरी कुठं? आणि पिऊ त्यांना म्हणते 'मियापूरची आजी'. मला काय म्हणते ठाऊक आहे? मी व्हिडिओ कॉल केला की पलीकडून आरोळी येते, "मम्मी, दुसऱ्या आजीचा फोन!"

दुसरी! मुलाची आई मी, आडनाव माझ्या घरचं, नाकसुद्धा माझंच (हे म्हणतात भज्यासारखं आहे, म्हणोत), आणि दुसरीही मीच! खरं सांगते, मी जळते. पापडासारखी भाजून निघते मी.

प्रशांतनं व्हॉट्सॲपवर 'हैदराबाद शिफ्टिंग' नावाचा ग्रुप काढला आणि आम्हां दोघींना त्यात घातलं. एका खोलीत दोन मांजरी सोडाव्यात तसं. सुशीलाबाईंनी लगेच मियापूरच्या एका शाळेचे फोटो टाकले. घसरगुंडी, वाळूचा खड्डा, भिंतीवर हसणारा सूर्य. मी आमच्या ह्यांना बालवाडीचा फोटो काढायला पिटाळलं. अप्पाराव आबिड्सच्या पोस्टातून रिटायर झालेले. दिलेलं काम करतात, कसं केलं ते विचारायचं नाही. फोटोत अर्ध्या भागात ह्यांचा अंगठा आला होता. उरलेल्या अर्ध्यात बालवाडीच्या दारात एक गाय उभी होती. बालवाडी गायीच्या मागं कुठंतरी असावी.

"अहो, गाय हाकलायची ना!"

"रोजची आहे ती," हे म्हणाले. "तिला वाईट वाटलं असतं."

ग्रुपवर सुशीलाबाईंचं उत्तर आलं, 'किती छान वातावरण! गोमाता पण शिकते वाटतं?' पुढं हात जोडलेले. त्याखाली त्रिवेणीचे हसून डोळ्यांत पाणी आलेले पाच चेहरे!

त्याच क्षणी मी ठरवलं. "मी उद्या मियापूरला चालले."

"कायकू?" ह्यांनी पेपरातून डोकं काढलं.

"त्या शाळेत खोट काढायला! एक झुरळ सापडू दे, एक तुटका झोका सापडू दे, फोटो काढून ग्रुपवरच टाकते."

"आणि विहीणबाईंनी बघितलं तर?"

"एवढं मोठं मियापूर! त्या नेमक्या तिथंच कशाला कडमडतील?"

शाळेत शिरले आणि माझा जीव खट्टू झाला. झुरळ सोडा, मुंगीसुद्धा नाही! बाथरूमला वास नाही. झोके हलवून बघितले, एकही करकरेना. तेवढ्यात प्रिन्सिपॉल मॅडम आल्या, तरतरीत तेलुगू मुलगी. "बैठो आंटी! किसके एडमिशन के वास्ते?"

"मेरी पोती. प्रियदर्शिनी."

"अरे, उसकी इन्क्वायरी तो आयी हुई है! आप दादी? आपका नाम?"

आता खरं नाव सांगावं तर प्रशांतच्या कानावर जाणार. जीभ चाचरली आणि तोंडातून निघालं, "सुशीला!"

निघालं ते निघालं, पण मग माझ्या डोक्यात असा लख्ख प्रकाश पडला म्हणता! आता इथं मी काय वाट्टेल तो तमाशा केला, तरी तो कुणाच्या नावावर? असा खडूस स्वभाव बघून शाळा ॲडमिशन नाकारणार आणि ठपका कुणावर? वा! मी पदर खोचला.

"पंखा इत्ता आवाज कायकू करताय? रेती में बिल्ली आती क्या? खाने में मिर्ची कित्ती डालते? बच्चा गिरा तो उठाता कौन, और उठाने वाला गिरा तो?"

मॅडमचा चेहरा उतरेल म्हणून वाट बघितली. तो खुलतच चालला! "व्हेरी गुड क्वेश्चन, आंटी! ऐसेइच ग्रँडपेरेंट्स होना हमको!" मी आणखी कचकचून बोलले. त्या आणखी खूश. शेवटी माझाच घसा बसला.

मग त्यांनी मला वर्ग दाखवायला नेलं. तिथं एक गोबरं पोरगं 'अम्मा कावाली, अम्मा कावाली' (आई पाहिजे!) करत टाहो फोडत होतं. टीचरनं चेंडू दिला, बिस्किट दिलं, पोरगं ऐकेना. त्याचं बघून दुसरं रडलं, दुसऱ्याचं बघून तिसरं, आणि बघता बघता अख्ख्या वर्गानं सूर धरला. आता बघा, मी खोट काढायला आले होते. हा गोंधळ मोबाइलमध्ये घेतला असता की काम फत्ते! पण रडणारं लेकरू समोर असताना मोबाइल कसला काढता? मी फतकल मारून खाली बसले आणि त्या गोबऱ्याला मांडीवर ओढलं.

"सुन बेटा. एक थी गाय. गौलीगुडा की. उसकू स्कूल जाना था!"

पोरगं थबकलं. "गाय?"

"हौ! रोज दरवाजे पे खडी रहती. टीचर पूछती, तेरा टिफिन किधर? गाय बोलती, पेट में! टीचर बोलती, चल एबीसीडी बोल. गाय बोलती..."

"मूँऽऽ!" सगळा वर्ग ओरडला. रडं कुठल्या कुठं पळालं. पोरं माझ्या मांडीवर, पाठीवर, खांद्यावर! एकानं तर माझा अंबाडाच धरला. गायीची मुलाखत रंगात आली होती, आणि मी सहज दाराच्या काचेकडे बघितलं.

काचेपलीकडे सुशीलाबाई उभ्या होत्या. साडी अर्थातच न चुरगळलेली!

मी गोबऱ्याला उचलून तोंडापुढं धरलं. काही उपयोग झाला नाही. पोरगं लहान, मी मोठी. रिसेप्शनवरची मुलगी गोंधळून आत आली. "मॅडम, इनका नाम बी सुशीला. इनकी नवासी बी प्रियदर्शिनी!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. सुशीलाबाईंनी एक शब्द बोलायचा अवकाश होता! लेकीच्या सासूला शाळेत खोटं नाव सांगताना पकडलं, ही बातमी पुण्याला पोचायला किती वेळ लागतो?

सुशीलाबाई मंद हसल्या. "हौ मॅडम. हमारे घर में नानी-दादी दोनों सुशीलाच. ये गौलीगुडा के, मैं मियापूर की."

मॅडमनी टाळ्याच पिटल्या. "ग्रँडपेरेंट्स का इंटरव्यू तो हो गया फिर! सीट पक्की! बस, सुशीला आंटी को हर शुक्रवार कहानी सुनाने आना पडेगा. मियापूर आंटी, आप जरा इनकू बोलो ना!"

"आयेंगे ना," सुशीलाबाई म्हणाल्या. "इनकू बच्चों का बहोत शौक."

विहीण दारापाशी आली आणि तशीच परत गेली असं आपल्यात चालत नाही. सुशीलाबाई मला घरी घेऊन गेल्या. ताट वाढलं, भात वाढला, आग्रह केला. पण शाळेबद्दल चकार शब्द नाही! त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मीही आठ सुनावले असते आणि हिशेब मिटला असता. पण ह्या बाई नुसतं वरण वाढत होत्या!

जेवण झाल्यावर त्यांनी माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि ब्लाउज पीस. पीस छान होता, पण माझी नजर गेली ती तो ज्या पिशवीतून निघाला तिच्यावर. सुलतान बाजारातलं दुकान! आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं!

"हे कधी आणलंत?" मी विचारलं.

"कालच. सहज गेले होते तिकडं."

"सुलतान बाजारापर्यंत आलात आणि गौलीगुड्याला पायधूळ झाडली नाहीत?"

"आले होते ना!" सुशीलाबाई बोलून गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा चुरगळला. "म्हणजे... ती गाय खरंच दारात असते का, एवढंच बघायला. बाजूला होईना बाई, आत जाताच आलं नाही."

आम्ही दोघींनी एकदमच ताकाचा पेला तोंडाला लावला. त्या दिवशी फार ताक प्यायलं.

पुढच्या शनिवारी प्रशांत, त्रिवेणी आणि पिऊ आले. शाळा बघितली, सीट पक्की बघितली आणि त्याच रस्त्यावर घर घेतलं. म्हणजे मी माझ्या हातानं माझी नात मियापूरला नेऊन ठेवली! हे म्हणाले, "गाय तुझ्यापेक्षा शहाणी. ती दारातच उभी राहिली, आत गेली नाही."

पहिल्या शुक्रवारी मी गळ्यात 'सुशीला आंटी' लिहिलेलं कार्ड अडकवून वर्गात गेले. ओळखीची पोरं 'सुशीला आंटी, सुशीला आंटी' करत धावत आली. गोबऱ्यानं तर थेट मांडीच गाठली. पिऊ वाळूत खेळत होती. ती ताडकन उठली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "ही सुशीला आजी नाही! ही माझी दुसरी आजी आहे!"

मॅडमना मराठी येत नाही, म्हणून वाचले. पण त्यापुढचं कळायला भाषा लागत नव्हती. पिऊनं गोबऱ्याला पाय धरून खाली ओढलं, आणखी दोघांना ढकललं आणि माझ्या मांडीवर फतकल मारली. "उठा सगळे! माझी आहे! माझीच!"

मी तिला रागवायला हवं होतं. कळतं मला. पण खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी गुढी उभारली!

पुढचे दोन-तीन शुक्रवार हेच झालं. शेवटी मॅडमनी आम्हां सगळ्यांना बोलावलं. "बच्ची होशियार है. लेकिन बहोत जलती! आंटी के पास किसीकू आनेइच नै देती. घर में ये आदत किसकी है?"

प्रशांतनं त्रिवेणीकडे बघितलं. त्रिवेणीनं माझ्याकडे बघितलं. हे छताकडे बघायला लागले. मी अजिबात डगमगले नाही. सुशीलाबाईंकडे एक कटाक्ष टाकला आणि ठणकावून सांगितलं, "सुशीला आंटी की!"

मॅडमनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "आप कित्ते ऑनेस्ट हैं, आंटी!"

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. तो पहिल्यांदाच पार चुरगळला होता.