रशीदचाचांचा स्पोक

रशीदचाचांच्या गळ्यात दोरीला सायकलचा स्पोक लटकत असतो. राळेगावात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, माझ्या घराला लागूनच. मला वाटायचं, धंद्याची खूण असेल. छे! ते सलादची रोपं लावायचं माप आहे.

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळवलं होतं. चाचांनी मात्र परसात लेट्यूस, म्हणजे सलादचा पाला, लावलं. पण दुकानाआधी जन्म कपाशीच्या शेतात गेलेला, हाडं कपाशीची! पहिल्या हिवाळ्यात कपाशीच्या सवयीनं तीन-तीन फुटांवर रोपं टोचली. अख्ख्या परसात मोजून अकरा रोपं, आणि त्यांच्या मधून कोंबड्या ऐसपैस फिरायच्या.

"चुकलोच ना मास्तर! या पत्त्याले कायले एवढं रान?"

दुसऱ्या हिवाळ्यात तीन वाफे झाले. एक स्पोक, पाऊण स्पोक, अर्धा स्पोक. एकाला शेणखत, दुसऱ्याला लेंडीखत, तिसऱ्याला गांडूळखत. मी पडलो विज्ञानाचा मास्तर, तोंड उघडलंच. "चाचा, खतही बदललं, अंतरही बदललं. मग कशानं काय झालं, कळणार कसं?"

गिऱ्हाईक पंक्चर सायकल घेऊन उभं, आणि चाचा गेले वाफे मोडायला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वाफ्याचे तीन तुकडे, एकेका तुकड्याला एकेक खत. मग रोज भिंतीवरून हाक, "मास्तर, या ना, पत्ता पाहा, कसा फुगून राह्यला!" मीही चहा टाकून धावायचो, खोटं कशाला सांगू?

एवढी घाई कशाची, ते चाचींनी सांगितलं. त्यांची सलमा पुण्यात असते. आपल्या पसंतीनं लग्न केलं म्हणून चाचा तीन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. आदल्या वर्षी ती चाचींना फोनवर म्हणाली, आता सलादशिवाय जेवण जात नाही. आठ दिवसांत यांनी बी मागवलं. आणि आता ती येत होती, रविवारी.

रविवारी सकाळीच भिंतीवरून आरोळी आली, "निकाल लागला मास्तर! पाऊण स्पोक अन् लेंडीखत जिंकलं! जेवाले या!"

गेलो. सलमा सतरंजीच्या पार टोकाला, दाराशी, मान खाली घालून बसली होती. चाचा हिरवंगार ताट घेऊन आले आणि तिथंच थबकले. एकदा तिच्याकडे बघत, एकदा मधल्या रिकाम्या सतरंजीकडे. हात गळ्यातल्या स्पोकशी चाळा करत होता.

"नजदीक सरक ना, बेटा," ते शेवटी म्हणाले. "इतना अंतर तो कपाशी को रखते."