कर्नलचा घास

मसाया शहरातल्या त्या गल्लीत पोपट पाळणारी घरं चौदा आणि पोपटांची वैद्य एकच, तोमासाबाई. पिसं फुगवून दिवसभर पेंगला तर आजारी, एका पायावर झोपला तर ठणठणीत, झोपताना चोच करकरवली तर खुशीत. हे ती रस्त्याच्या पलीकडून सांगायची. जनावरांच्या डॉक्टरची गरजच काय, मी आहे ना, असं ज्याला त्याला ऐकवायची.

म्हणूनच तिचा स्वतःचा पोपट, कर्नल, ओकायला लागला तेव्हा तिने आधी दार लावून घेतलं. रोज दुपारी तीनच्या ठोक्याला तो एवारिस्तोच्या वेताच्या डुलत्या खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसे. एवारिस्तो म्हणजे तिचा नवरा, वर्षापूर्वी याच खुर्चीत, याच वेळी गेलेला. कर्नलच्या डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या होत, मान खालीवर होई आणि चावलेला मका खुर्चीत पडे. वर रिकामी खुर्ची आपली डुलतेच आहे.

आता रिकामी खुर्ची डुलू देऊ नये, मेलेलं माणूस बसायला येतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारची चेपिता तर ते पाहून भिंतीलाच टेकली.

"तोमासा, एवारिस्तो तुला न्यायला आलाय," ती कुजबुजली. "तुझं मरण या बिचाऱ्याने अंगावर घेतलंय. जनावरं घेतात गं."

मरणाला तोमासाबाई भीत नव्हती; पण अठरा वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवलेला पक्षी आपल्या वाट्याचं मरण मरणार, हे तिला सोसवेना. मग कर्नलच्या पायात लाल फीत आली, त्याच्यावरून अंडं उतरवलं, खुर्ची दोरीने खांबाला बांधली. फितीच्या त्याने चिंध्या केल्या, अंडं चेपिताच्या पायावर फुटलं आणि तीन वाजता बांधलेली खुर्ची दोरीसकट कुरकुरायला लागली. चेपिताने मयताची नऊ दिवसांची प्रार्थना पुन्हा लावली. अख्खी गल्ली कॉफीला जमायची आणि तीनच्या आत पसार व्हायची.

शेवटी नाक मुठीत धरून तोमासाबाईने डॉक्टर ओबांदोला बोलावलं. त्याने कर्नलचं पोट चाचपलं, विष्ठा पाहिली आणि हसू दाबलं. आजारी पोपट मान झटकून चहूकडे शिंतोडे उडवतो, स्वतःचं डोकं बरबटून घेतो, असं त्याने समजावलं. हा तर मान खालीवर करून अलगद देतोय. त्याच्या हिसक्यांनीच खुर्ची हलते.

"बाई, हा आजार नाही. जीव जडलाय त्याचा. घास भरवतोय तो."

"कुणाला?"

"तेवढं मला सांगता यायचं नाही," म्हणत डॉक्टरने बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी तीनला तोमासाबाईने दोरी सोडली आणि ओंजळ पुढे करून शेजारच्या खुर्चीत बसली. कर्नलने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान हलवली, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तिथे चोच नेली, घास दिला आणि उडून तिच्या खांद्यावर येऊन बसला. तिने वेतावरून हात फिरवला. रोज पडणारा मका आज नव्हता, एक कणही नाही. आणि खुर्ची डुलतच होती.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याहून जास्त आला तो राग.

"अठरा वर्षं बिया सोलल्या मी, आणि घास तुम्हाला," ती म्हणाली. "बरं, खाल्लंत ना? मग जेवल्याजेवल्या झुलू नका. पोट बिघडतं तुमचं."

खुर्ची मुकाट थांबली. चाळीस वर्षांच्या संसारात एवारिस्तोने तिचं ऐकल्याची ही पहिलीच वेळ.