खिडकीला वय लावणारे वासुभाऊजी

नव्याकोऱ्या खिडकीला सायकलच्या चेनीनं बदडणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला. आमच्या बाभुळगावात, माझ्याच शेजारी. वासुभाऊजी त्यांचं नाव. सुतारानं खिडकी बसवून पाठ फिरवली न फिरवली, की हे चेन घेऊन सागाच्या चौकटीवर तुटून पडले.

"भाऊजी, काहून मारून राह्यले तिले?"

"वय लावून राह्यलो, वयनी."

काहीही विचारा, उत्तर असंच अर्धं. मग एक दिवस ताक मागायला आले. "आंबट असंन तेवढं द्या." त्यांची बायको शांताबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला लेकीकडं गेलेली. मला वाटलं, बिचारा कढी करत असेल. कसली कढी अन् कसलं काय. त्यात गंजके खिळे भिजत घातले आणि ते काळं पाणी चौकटीला पाजलं. मग तारेचा ब्रश, मग पॉलिशपेपर, मग चहाचा चोथा. माझं चांगलं म्हशीचं ताक गेलं, त्याचा राग मला अजून आहे.

शेवटी वैतागून विचारलंच. जुनी खिडकी वाळवीनं खाल्ली, नवी बसवली, यात लपवायचं काय?

भाऊजी ओट्यावर बसले. "तिले वाटंन, हे बी इकली."

तेव्हा मला उमगलं. कापसाला भाव नाही, उरलासुरला अळीनं खाल्लेला, अशा त्या सालांत या माणसानं बैल विकले, बैलबंडी विकली, बायकोच्या पाटल्या विकल्या. तिला एकदाही विचारलं नाही. बैल गेले तेव्हा तर 'भावानं वखरायला नेले' म्हणून सांगितलं. त्यात जुनं सागवान घेणारे गावोगाव फिरत होते. आता वाळवीचं खरं सांगितलं तरी शांताबाईनं विश्वास कायला ठेवावा?

"रोज त्या खिडकीत कोपर टेकून बसे," भाऊजी म्हणाले. "घरात तेवढंच तिचं राह्यलं होतं."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. कोपरानं झिजून जुन्या चौकटीला खळगा पडला होता, तोही त्यांनी नव्या लाकडात घासून घासून केला.

शांताबाई परतली तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. ती स्टुलावर बसली, खिडकीवरून हात फिरवला आणि थांबली.

"माह्या कोपराची जागा त उजवीकडं होती. तुम्ही डावीकडं केली."

भाऊजींचा चेहरा पडला. "वाळवी लागलती. इकली नाही म्या." मग खाली पाहत म्हणाले, "वावरातून येताना मी तुले बाहेरूनच पाह्यत होतो. तिकून तू डावीकडं दिसे. आतून कधी पाह्यलंच नाही."

शांताबाई दुखऱ्या गुडघ्यानं उठली, स्टूल ओढत खिडकीच्या डाव्या अंगाला नेलं आणि त्या खळग्यात कोपर टेकवून बसली.

"उभे काहून?" उजवीकडची रिकामी जागा दाखवत ती नवऱ्याला म्हणाली. "बसा इथं."