रुग्ण पोहोचला, अर्थात बरा आहे

गालात्स शहरातल्या जिल्हा रुग्णालयाच्या दप्तरात आंगेल रादवान यांच्या हृदयाचा वेग मिनिटाला साठ असा नोंदलेला होता. तीस वर्षं डॅन्यूब नदीवर फेरीबोट हाकलेल्या या माणसाचं हृदय थकलं, म्हणून गेल्या वर्षी छातीत पेसमेकर बसवला. बसून राहिलं की सगळं आलबेल. कोबीचा गड्डा घेऊन चार पावलं चाललं की मात्र जीव घशाशी यायचा, कारण यंत्र तेव्हाही इमानेइतबारे साठच ठोके द्यायचं.

"चालताना ठोके वाढवायची सोय यात आहे, काका. बंद आहे एवढंच," तरुण डॉक्टरीण इलिंका म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"मग कर की!"

"समितीची मंजुरी लागते. चालताना दम लागतो हे तिच्यासमोर सिद्ध करायचं."

समिती चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट सहा वर्षांपासून तात्पुरती बंद होती.

बायको साबिनाच्या खांद्यावर हात टाकून आंगेल जिना चढला. चाळीस मिनिटं लागली. समितीच्या खिडकीसमोरच्या रांगेतल्या एका बाईने त्याला पाणी पाजलं. खिडकीमागच्या तुदोसेबाईंनी चष्मा वर केला.

"स्वतःच्या पायांनी आलात?"

आंगेलला बोलता येईना. त्याने मान हलवली.

"छान," म्हणत बाईंनी लिहिलं, 'अर्जदार चार मजले चढू शकतो. बदलाची गरज नाही.'

पुढच्या वेळी तो दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसला आणि साबिना वर गेली. बाई म्हणाल्या, "अर्जदार गैरहजर."

"दोन मजले खाली बसलाय हो! वाकून बघा, दिसेल."

"वाकून बघणं माझ्या कामात बसत नाही."

तिसऱ्या वेळी रांगेतल्याच दोघा भल्या माणसांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर आणलं. आंगेल सुलतानासारखा खिडकीसमोर अवतरला. बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. 'उचलून आणावा लागणारा रुग्ण: अचल वर्ग. अचल रुग्ण चालत नसल्याने, चालताना वाढणाऱ्या ठोक्यांची त्यास आवश्यकता नाही.'

"म्हणजे मी चढलो तर धडधाकट, नाही चढलो तर गैरहजर आणि आणला तर ओंडका?" आंगेलने विचारलं.

"ओंडका असा वर्ग नाही," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

हे ऐकून इलिंकाचं डोकं फिरलं. तिने त्याला तळमजल्यावर बसवलं, छातीवर पेसमेकर जुळवायचं यंत्र टेकवलं आणि दोन मिनिटांत आकडे बदलले. मग व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावून पुन्हा थोडे बदलले. आंगेल उठला आणि जिना चढू लागला. तिसऱ्या मजल्यावर तो चक्क शीळ घालत होता. साबिना मागे धापा टाकत ओरडली, "अरे मेल्या, थांब! आता मला बसवावं लागेल यंत्र!" आणि तिथेच पायरीवर बसून रडली.

आनंदाच्या भरात आंगेलने थेट खिडकी गाठून आभार मानले. तिथेच घोटाळा झाला.

'विनापरवाना सुधारणा,' बाईंनी नोंदवलं. हुकूम निघाला: हृदय पूर्ववत करावे, डॉक्टरवर कारवाई व्हावी. सुटकेची वाट एकच होती. बदलापूर्वी अर्जदाराला दम लागत होता, असं दोघा साक्षीदारांनी सहीनिशी सांगावं.

साबिना रांगेकडे वळली. सतरा माणसं होती. पाणी पाजणारी बाई होती, खुर्ची उचलणारे दोघंही होते.

"तुम्ही तर पाहिलंयत!"

"पाहिलं हो," पाणीवाली बाई हळूच म्हणाली. "पण माझीही फाईल याच खिडकीत आहे ना."

खुर्चीवाले आपापला नंबर पाहू लागले. ती माणसं वाईट नव्हती. सही तेवढी कुणी केली नाही.

सोमवारी आंगेलचं हृदय पुन्हा साठावर आणलं गेलं. इलिंकाची बदली डोंगरातल्या एका दवाखान्यात झाली. आता आंगेल घरच्या खिडकीशी बसून नदी बघतो. साबिना कोबी एकटीच आणते.

अपिलाची मुदत अजून तीन आठवडे आहे. तिने नियम पुन्हा वाचून घेतले. साक्षीदाराने प्रत्यक्ष पाहिलेलंच हवं असं त्यात कुठेही नाही. प्रकरण सविस्तर वाचलेला कुणीही चालतो.

तुम्ही आत्ताच वाचलंत. पूर्ण नाव, पत्ता आणि खाली सही.

अहो, निघालात कुठे?